पाहुण्याचं बर्लिन

पाहुणा : तू इथं वर्षानुवर्षं राहतेस, तरी शहर बघायला येणाऱ्यांचा विषय निघाला की तुझ्या आवाजात नाराजी येते. मला तिचं कारण कळत नाही. मी जन्मभर इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर जमतील तशी शहरं पाहिली. बहुतेक राजधान्या आपला पराक्रम मांडून बसलेल्या असतात. विजयस्तंभ, कमानी, घोड्यावरचे सेनापती. ते सगळं बर्लिनमध्येही आहे. पण ब्रांडेनबुर्ग गेटपासून चालत पाच मिनिटांवर, राजधानीच्या ऐन मध्यात, या लोकांनी स्वतः केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक उभारलंय. पीटर आयझेनमन या वास्तुविशारदानं काँक्रीटचे 2711 ठोकळे मांडले आणि 2005मध्ये ती जागा खुली झाली. कुंपण नाही, फाटक नाही, तिकीट नाही. कडेचे ठोकळे बाकाएवढे. आत शिरावं तशी जमीन खाली उतरत जाते, ठोकळे डोक्याच्या वर जातात, रस्त्याचा आवाज मंदावतो आणि शेजारून चाललेला माणूस एकाएकी दिसेनासा होतो. आपल्यावर झालेल्या अन्यायाची स्मारकं सगळेच बांधतात. आपण केलेल्या अन्यायाचं एवढं मोठं स्मारक, तेही संसदेच्या जवळ, मी दुसरीकडे पाहिलं नाही. असं शहर बघायचं नाही, तर मग काय बघायचं?

रहिवासी : बघू नका असं मी म्हणत नाही, मामा. बघितल्यानं काय होतं, एवढंच विचारते. माझा रोजचा रस्ता त्याच स्मारकाजवळून जातो. सकाळी शाळांच्या सहली येतात, दुपारी ग्रुप टूरच्या बसगाड्या. टूर मॅनेजर वीस मिनिटं देतो. कोणी ठोकळ्यांवरून उड्या मारत फोटो काढतं. 2017मध्ये एका इस्रायली कलाकारानं असे फोटो गोळा करून त्यांच्या मागे छळछावण्यांमधल्या प्रेतांची छायाचित्रं जोडली, तेव्हा फार मोठा गदारोळ झाला होता. पण उड्या मारणाऱ्या पोरांचा मला राग येत नाही. लोक इथं डबे खातील, मुलं पकडापकडी खेळतील, हे आयझेनमननं आधीच गृहीत धरलं होतं. मला काळजी वाटते ती गंभीर चेहऱ्यानं बाहेर येणाऱ्यांची. त्यांचे डोळे खरोखर भरून आलेले असतात. आणि पुढच्याच क्षणी ते म्हणतात, ‘बघा, यांनी कसं कबूल केलं, आपल्याकडे कोणी करील का?’ तेवढ्यावर त्यांचं काम संपतं. दुसऱ्याच्या कबुलीजबाबाला हजर राहायला काही मोजावं लागत नाही. उलट आपण फार संवेदनशील आहोत अशी समजूत फुकटात पदरी पडते. मला बोचतं ते हे.

पाहुणा : बोचावं असंच आहे. पण त्या वीस मिनिटंवाल्यांच्या बाजूनं मला बोलू दे. त्या बसमधली निम्मी माणसं आयुष्यात एकदाच परदेशी आलेली असतात. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून, नाहीतर मुलानं तिकीट काढलं म्हणून. कुठं किती थांबायचं हे त्यांच्या हातात नसतं. त्यांना त्या वीस मिनिटांत काहीच मिळत नाही, असं तू कशावरून म्हणतेस? आणि दुसरं असं की हे शहर परक्यांनी बघावं म्हणूनच असं मांडलेलं आहे. गेस्टापो आणि एसएस या नाझी संघटनांची मुख्यालयं जिथं होती, त्या जागेवरच्या ‘टोपोग्राफी ऑफ टेरर’मध्ये जायला पैसे पडत नाहीत. नॉर्मन फॉस्टरनं राइशटागवर जो काचेचा घुमट चढवला, त्यात आधी नाव नोंदवलं की कोणीही जाऊ शकतो आणि खाली संसदेचं सभागृह दिसतं. त्याच इमारतीच्या भिंतींवर 1945मध्ये सोव्हिएत सैनिकांनी कोळशानं लिहिलेली नावं यांनी पुसली नाहीत, जपून ठेवली. हे सगळं सरकारला आपणहून सुचलं असंही नाही. ज्यूंच्या स्मारकाची मागणी 1988पासून लेआ रोश नावाच्या पत्रकार बाई करत होत्या. संसदेचा ठराव झाला 1999मध्ये. म्हणजे अकरा वर्षं लोकांनी भांडून हे उभं केलं. चारचौघांत दिलेल्या कबुलीला चारचौघे लागतात. बघायला कोणी आलंच नाही, तर ते नुसतं काँक्रीट राहील.

रहिवासी : तुम्ही त्या अकरा वर्षांचा उल्लेख केलात, बरं झालं. बसमधून उतरणाऱ्याला नेमकी तीच वर्षं दिसत नाहीत. त्याला दिसतं तयार झालेलं स्मारक, आणि तो समजतो की जर्मन लोकांचा स्वभावच असा आहे, पश्चात्तापाचा. मग त्याला हे कोण सांगणार की 2003मध्ये या ठोकळ्यांचं काम मध्येच थांबवावं लागलं होतं? ठोकळ्यांवर कोणी काही रंगवू नये म्हणून एक लेप लावत होते. तो पुरवणारी कंपनी होती डेगुसा, आणि तिच्याच एका उपकंपनीनं नाझी काळात गॅस चेंबरमधलं त्सिक्लोन बी पुरवलं होतं. विश्वस्तांमध्ये कडाक्याचे वाद झाले आणि अखेर त्याच कंपनीचा लेप वापरायचं ठरलं. हे स्मारकाला कमीपणा आणणारं आहे असं मला वाटत नाही. उलट या देशात त्या काळापासून सुटलेलं असं काहीच नाही, हे त्यातून जितकं कळतं तितकं ठोकळ्यांमधून चालून कळत नाही. पलीकडे बागेत नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा लोकांचं स्मारक आहे. गोल काळं पाणी, मध्ये त्रिकोणी दगड, त्यावर रोज एक ताजं फूल. ते व्हायला 2012 उजाडलं. त्या समाजानं त्यासाठी किती खेटे घातले असतील! आणि झाल्यावरही, लोकल रेल्वेच्या नव्या बोगद्यासाठी त्या जागेला धक्का लावायचा आराखडा आला, तेव्हा त्यांना पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. आणि 1904 ते 1908 या काळात आजच्या नामिबियात जर्मनांनी हेरेरो आणि नामा लोकांचा जो संहार केला, त्याला या सरकारनं वंशसंहार म्हटलं ते 2021मध्ये. त्यांच्यासाठी राजधानीच्या मध्यात असे ठोकळे नाहीत. ‘जर्मनी विसरत नाही’ हे वाक्य पाहुण्याला सोपं जातं. इथं राहणाऱ्याला एकेका दगडासाठी कोण भांडलं, हे बघावं लागतं.

पाहुणा : मग हा आक्षेप घाईला आहे, बघण्याला नाही. आणि तुझ्या दाराशी नाझींच्या बळींच्या नावांचे जे पितळी दगड आहेत त्यांचं काय? त्यांना ना संसद लागली ना ठराव. गुंटर डेमनिग नावाच्या एका कलाकारानं 1992मध्ये कोलोनला सुरुवात केली, बर्लिनमध्ये 1996 साली तर त्यानं परवानगी न घेताच ते बसवले. आज युरोपभर लाखावर आहेत. तिथं बस थांबत नाही. ज्याचं लक्ष जाईल तो थांबतो.

रहिवासी : आमच्या दाराशी चार आहेत. दहा सेंटिमीटरचे चौकोन, फुटपाथच्या दगडांच्या पातळीत बसवलेले. पितळ वर्षभरात काळवंडतं. 9 नोव्हेंबरला, ज्या रात्री 1938मध्ये ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनागृहं जाळली त्या दिवशी, आम्ही शेजारीपाजारी ते घासायला बसतो. घासणी, धातूची पॉलिश, जुनी फडकी. आधी फडकं काळंकुट्ट होतं. मग पहिली ओळ उजळते, ‘इथे राहत होते’, मग नाव, मग जन्मसाल, मग हद्दपारीचं साल, आणि शेवटी जागा. अक्षरं एकेक करून ठोकलेली असल्यामुळे थोडी वरखाली आहेत, बोटाला लागतात. आई, वडील आणि दोन मुली. धाकटीचं जन्मसाल वाचून मी दरवर्षी तिचं वय काढते आणि दरवर्षी तेवढंच येतं. थंडीत गुडघे गारठतात. कोणी फारसं बोलत नाही.

आणि त्याच दगडांवरून चाकांच्या बॅगा खडखडत जातात, कारण तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट पर्यटकांना रोजावर देतात. रात्री दोनलाही, पहाटे पाचलाही. त्या घरात राहणाऱ्या आजी भाडं परवडेना म्हणून शहराबाहेर गेल्या. या दोन गोष्टींची तुलना होऊच शकत नाही, आणि मी ती करत नाही. पण घरांचा इतिहास सलग असतो. अल्बर्ट श्पेअरच्या कचेरीनं हिटलरच्या नव्या राजधानीसाठी जागा मोकळी करताना ज्यांची घरं पाडली, त्यांची सोय ज्यूंना हुसकावून त्यांच्या घरांत केली होती. या शहरात कोणाच्या घरात कोण राहतं, हा प्रश्न साधा नाही. 2014पासून इथं विनापरवाना घर पर्यटकांना देण्यावर बंदीचा कायदा आहे, तरी ते चालूच आहे. तुम्ही हॉटेलात उतरलात, त्याबद्दल मी मनातून आभार मानले.

पाहुणा : घरांचं मला मान्य आहे. त्यात सगळा दोष पर्यटकांचा नाही, बड्या घरमालकांचा त्याहून मोठा असावा, पण जो आमचा आहे तो आमचाच. आता मी जे पाहिलं ते ऐक. तू कामावर होतीस त्या दिवशी मी एस-बाननं, म्हणजे लोकलनं, ग्रुनेवाल्डला गेलो. वनराईतली श्रीमंत वस्ती, बंगले, स्टेशन जुनं आणि देखणं. तिथला सतरा नंबरचा फलाट. बर्लिनच्या ज्यूंना भरून गाड्या इथून सुटत. रुळाच्या दोन्ही कडांना लोखंडी पत्रे अंथरलेत, 186. प्रत्येकाच्या कडेला तारीख, माणसांची संख्या, आणि गाडी कुठं गेली ते. ऑक्टोबर 1941पासून सुरुवात. मी एका टोकाकडून चालत निघालो. वूच, रिगा, मग आउशविट्झ. कुठं हजारावर माणसं, कुठं शंभर. चालता चालता 1944 आलं, संख्या लहान होत गेल्या. आणि अगदी शेवटी मार्च 1945. अठरा माणसं. थेरेझिनश्टाट.

मी वर्गात चाळीस मिनिटांत दुसरं महायुद्ध संपवत असे. मार्च 1945 म्हणजे अमेरिकन ऱ्हाइनच्या पलीकडे उतरलेले, रशियन ओडरपर्यंत आलेले, बर्लिनवर बॉम्ब पडताहेत, सैन्याला गाड्या पुरत नाहीत. तेव्हाही या शहरातला कोणी कारकून अठरा माणसांची यादी करत होता, कोणी त्यांना गाडीत बसवत होता. आकडा मला पुस्तकातही वाचता आला असता. पण पहिल्या पत्र्यापासून शेवटच्या पत्र्यापर्यंत पायांनी साडेतीन वर्षं चालल्यावर जे कळलं, ते वाचून कळलं नव्हतं. रुळांमधून झाडं वाढली आहेत, ती मुद्दाम तशीच ठेवली आहेत, म्हणजे तिथून पुन्हा कधी गाडी सुटणार नाही. रोज त्या स्टेशनवर उतरून घरी जाणाऱ्या माणसाला हे अजून दिसत असेल का? सवयीनं डोळा बोथट होतो. परक्याची नजर ताजी असते, एवढं तरी आमच्या बाजूनं धर.

रहिवासी : धरते. तुम्ही जे पाहिलंत ते मी इतक्या वर्षांत तसं पाहिलेलं नाही. पण एक विचारू? तिथं उभं असताना तुम्ही कोण होतात? मारणाऱ्यांपैकी नाही, मरणाऱ्यांपैकीही नाही. म्हणजे कोणाच्याच बाजूचे नाही, असंच ना? परक्याची नजर ताजी असते, कारण यात आपलं काही गुंतलेलं नाही अशी त्याची खात्री असते. ती खात्रीच मला तपासून बघायची आहे.

ग्रुनेवाल्डपासून दाहलेम फार लांब नाही. तिथं ईनेश्ट्रास 22 ही इमारत आहे. आज त्यात विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग भरतो. 1927मध्ये ती मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि वंशसुधारणा यांची कैसर विल्हेल्म संस्था म्हणून उघडली. संचालक ऑयगेन फिशर. या माणसानं 1908मध्ये जर्मनांच्या आफ्रिकी वसाहतीत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांवर संशोधन केलं होतं आणि संमिश्र विवाहांच्या विरोधात त्याचा उपयोग झाला. त्याच्या हाताखाली, त्याच संस्थेत, पुण्याहून आलेली एक तरुणी पीएचडी करत होती. तुमच्या कपाटात जिचं ‘युगान्त’ आहे, ती इरावती कर्वे. तिला विषय मिळाला माणसाच्या कवटीतल्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेचा. युरोपीय कवट्या आणि वसाहतीतून आणलेल्या आफ्रिकी कवट्या मापून वंशावंशांत फरक निघतो का ते बघायचं. तिनं 149 कवट्या मापल्या आणि फरक निघत नाही, असं लिहून दिलं. फिशरला ज्याची अपेक्षा होती त्याच्या नेमकं उलट.

पुढच्या काळात याच संस्थेकडे छळछावणीतला डॉक्टर मेंगेले आउशविट्झहून मृतांचे अवयव पाठवत असे. 2014मध्ये जवळच बांधकामासाठी खणताना माणसांची हाडं सापडली. मग पद्धतशीर उत्खनन झालं, सुमारे 16,000 तुकडे निघाले, आणि 2023मध्ये ते दाहलेमच्या दफनभूमीत पुरले. ती कोणाची, हे नक्की सांगता येत नाही. तेव्हा मामा, या शहरात आपलं काही नाही असं म्हणू नका. आपलं एक टेबल त्या इमारतीत होतं.

पाहुणा : इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली, हे मी मुलांना अभिमानानं सांगत आलो. त्या टेबलावर काय ठेवलेलं होतं, हे माहीत नव्हतं. पण तुझ्या या गोष्टीनं माझी बाजू कशी पडते, ते मला दिसत नाही. उलट बळकट होते. परक्या मुलुखातून आलेली मुलगी, भाषा नवी, गुरू एवढा नावाजलेला, आणि समोर जे मोजमाप आलं तेच तिनं लिहिलं. तिथल्या थोरामोठ्यांना जे दिसत नव्हतं, किंवा दिसूनही सांगायचं नव्हतं, ते एका बाहेरच्या बाईला दिसलं. बघणं म्हणजे मी म्हणतो ते हेच.

रहिवासी : त्या प्रबंधाचा मलाही अभिमान आहे, आणि तो मी सोडणार नाही. पण कवट्या उरतातच ना? त्या कोणाच्या होत्या, कोणत्या गावातून, कोणत्या थडग्यातून उचलल्या, घरच्यांना कोणी विचारलं का? हे विचारण्याची त्या काळात प्रयोगशाळांमध्ये रीत नव्हती. उत्तर बरोबर आलं तरी ज्या वस्तूवर ते काढलं ती चोरीची असू शकते. आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. स्प्रे नदीकाठी पूर्व जर्मनीचं संसदभवन पाडून, त्या जागी राजवाड्याचा दर्शनी भाग पुन्हा उभारला आणि आत हुम्बोल्ट फोरम भरवला. बेनिन राज्यातून लुटून आणलेली जी ब्राँझं तिथं आहेत त्यांची मालकी 2022मध्ये नायजेरियाला परत दिली, काही वस्तू पाहायला मिळतात त्या आता उसन्या म्हणून. त्याच वर्षअखेर फोरमच्या बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती उभी राहिली. आपल्याकडची मंडळी तिथं हमखास थांबतात, आनंदानं फोटो काढतात. त्यात वावगं काही नाही. मला एवढंच दिसतं की पाहुण्याला इथं दोन गोष्टी चटकन सापडतात. दुसऱ्याचा अपराध आणि आपला गौरव. दोन्हींसाठी काही सोसावं लागत नाही.

पाहुणा : आणि रहिवाशाला काय सोसावं लागतं? हे मी रागानं विचारत नाही. तुझ्या शेजाऱ्यांपैकी किती जणांचे आजोबा 1940मध्ये या शहरात होते? क्रॉइत्सबर्गच्या ज्या गल्लीत आपण जेवलो, तिथल्या दुकानदाराचे आजोबा तुर्कस्तानातून आले. ऑगस्ट 1961मध्ये भिंत उभी राहिली, पूर्वेकडून रोज कामाला येणारी माणसं एका रात्रीत बंद झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. पश्चिम बर्लिनच्या कारखान्यांत मग ते मोठ्या संख्येनं आले. ज्या भिंतीसमोर आम्ही फोटो काढतो, तिनंच हे शहर असं घडवलं. त्या दुकानदाराच्या घरात नाझी कोणी नव्हता. सीरियातून आलेल्या मुलाच्या घरात नव्हता. तुझ्या घरात नव्हता. अपराधाच्या हिशेबानं बघायचं तर तुम्हीही सगळे पाहुणेच. आठवण ठेवण्याचा हक्क फक्त गुन्हेगारांच्या नातवंडांचा म्हणालीस, तर दोन पिढ्यांत ती विरून जाईल. सगळ्यांचा म्हणालीस, तर मग बसमधल्या माणसाला कसं वगळशील?

रहिवासी : हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, खरंच सांगते. नागरिकत्वाच्या परीक्षेत 33 प्रश्न असतात, 17 बरोबर यावे लागतात. त्यात नाझी राजवटीचे प्रश्न असतातच. मी ती उत्तरं पाठ केली आणि पास झाले. म्हणजे या देशानं मला सांगितलं की हे आता तुझंही. अपराध माझा नाही, पण जबाबदारी माझी आहे. मी इथं कर भरते, मत देते. उद्या कोणी त्या रोमा स्मारकाखालून बोगदा काढू म्हणालं, तर मला उत्तर द्यावं लागेल. तुम्हाला कोणी विचारणार नाही. फरक असला तर इथं आहे, जन्मात नाही.

आणि तरी तुमचं म्हणणं मला लागतं, कारण मीही विसरून जगते. संध्याकाळी टेम्पेलहोफच्या मैदानावर सायकल फिरवते. 2008मध्ये बंद झालेला तो विमानतळ. 2014मध्ये तिथं घरं बांधायला लोकांनी मतदान करून नकार दिला. पतंग उडवतात, शेगड्या पेटवतात, धावपट्टीवर मुलं चाकांच्या बुटांवर पळतात. 1948च्या सोव्हिएत नाकेबंदीत पश्चिम बर्लिनचा अन्नपुरवठा याच धावपट्टीवर उतरत होता, हे सगळ्यांना माहीत असतं. मैदानाच्या उत्तर कडेला 1933 ते 1936 कोलुम्बिया-हाउसची छळछावणी होती, युद्धात याच विमानतळावर वेठबिगार विमानं जोडत होते, हे फार थोड्यांना. मला माहीत आहे, आणि तरी मी तिथं पतंग बघत बसते. ठोकळ्यांवर उड्या मारणाऱ्या पोराला मग काय म्हणू?

पाहुणा : मग माझं उत्तर मला कुठं द्यावं लागेल, तेही सांगतो. मी परत गेलो की लोक विचारतील, कसं होतं बर्लिन? ‘ते कबूल करतात, आपण करत नाही’ असं मी म्हणणार नाही, ते तू माझ्याकडून काढून घेतलंस. पण एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. आपण महाडला चवदार तळ्याचं स्मारक केलं. 20 मार्च 1927ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी तिथं पाणी घेतलं, ते आपण मानानं सांगतो. त्यानंतर ज्यांनी त्या माणसांवर हल्ले केले, ज्यांनी तळं बाटलं म्हणून शुद्धी केली, ते कोण होते, त्यांची पाटी कुठं आहे? रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात, पाणवठ्याशी, ‘या गावानं इतकी वर्षं अमुक लोकांना इथून पाणी घेऊ दिलं नाही’ एवढी एक ओळ? लढणाऱ्यांची स्मारकं आहेत. अडवणाऱ्यांच्या वंशजांनी उभारलेलं एकही माझ्या पाहण्यात नाही. हे मला बर्लिनला आल्यावर सुचलं. घरी बसून सुचलं नव्हतं.

रहिवासी : हे ऐकून बरं वाटतं, आणि भीतीही वाटते. ग्रुनेवाल्डच्या शेवटच्या पत्र्यावरची ती अठरा माणसं महाडच्या धड्यासाठी मेलेली नाहीत, मामा. त्यांचं मरण त्यांचं आहे. आपल्याला घरच्या प्रश्नासाठी उदाहरण हवं म्हणून आपण त्यांच्यापाशी जातो, तेव्हाही त्यांना वापरतोच. याला उपाय काय, मला ठाऊक नाही. ज्यांचा यावर पहिला हक्क त्यांच्यातही एकमत नाही. म्युनिकमध्ये असे पितळी दगड सार्वजनिक फुटपाथवर बसवू देत नाहीत. त्याला सर्वात ठाम विरोध केला तो शार्लोटे क्नोब्लोख यांनी. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा, लहानपणी एका शेतकरी घरात लपवल्यामुळे वाचलेल्या. त्यांचं म्हणणं, ही नावं पुन्हा लोकांच्या पायाखाली नकोत. आणि दुसरीकडे कितीतरी कुटुंबं इस्रायलहून, अमेरिकेहून खास येतात, आपल्या आजी-आजोबांचा दगड बसताना फुटपाथवर उभी राहतात. आमच्या दाराशी ज्या चौघांची नावं मी घासते, त्यांना ते चाललं असतं का, कोण जाणे. मी घासते.

पाहुणा : मग त्या मतभेदात माझ्या मताला काही किंमत आहे की नाही?

रहिवासी : इथं नसेल. महाडच्या बाजूला असेल, कारण तिथं ‘मी पाहुणा आहे’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

पाहुणा : तुलाही येणार नाही. ते तुझं आजोळ आहे. वाड्यामागच्या विहिरीवर कोणाला येऊ देत नव्हते, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पाटी लावायचीच म्हटली तर पहिलं नाव माझ्या आजोबांचं निघेल, म्हणजे तुझ्या पणजोबांचं. लावू देशील?

रहिवासी : लावायला हवी, एवढं मला कळतं. पण आजी अजून त्याच वाड्यात आहे, नव्वदीला टेकलेली, आणि आपल्या सासऱ्यांना ती देवमाणूस मानते. ज्यूंच्या स्मारकाला जर्मनांनी 1945पासून 2005पर्यंत साठ वर्षं का घेतली, यावर मी आजवर फार तावातावानं बोलत आले. आजीच्या हयातीत ती पाटी लावायची की नंतर, हे मला विचारलंत तर मी आत्ता उत्तर देऊ शकत नाही.

पाहुणा : आणि नंतर लावली, तर ती कोणासाठी लावली म्हणायची?